ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेटवादक घडतो कुठे?

फोंड्याहून एका पालकांनी विचारलं आहे. मुलगी अकरा वर्षांची, हार्मोनियमच्या सुरुवातीच्या परीक्षा दिलेली, चवथीला घुमट आरतीत (घुमट म्हणजे मातीचं तालवाद्य) शामेळ हा ढोल वाजवणारी. पणजीला एका कार्यक्रमात तिने ऑर्केस्ट्रातलं क्लॅरिनेट, फुंकून वाजवायचं ते काळं वाद्य, ऐकलं आणि तेव्हापासून तिला दुसरं काही नको. वडिलांचं विचारणं असं: ऑर्केस्ट्रात वाजवणारी ही माणसं सुरुवात नेमकी कशी करतात? अकराव्या वर्षी उशीर झाला का? घरात कुणी पाश्चात्य संगीत वाजवलेलं नसताना हे जमतं का? आणि शेवटी, जरा दबकत विचारल्यासारखं, यावर पोट भरतं का?

उशिराची काळजी आधी काढून टाका. वायोलिन आणि पियानोवाल्यांनी आपल्या मनात भरवून दिलं आहे की पाच-सहा वर्षांचं असताना सुरू केलं नाही तर संपलं. क्लॅरिनेटचा हिशेब वेगळा आहे. समोरचे पक्के दात आलेले हवेत, कारण वरचे दात माउथपीसवर टेकतात. बोटांची पेरं भोकं पूर्ण झाकतील एवढी रुंद हवीत. आणि उजव्या अंगठ्याला पाऊण किलोच्या आसपास वजन पेलता यायला हवं. या तिन्ही गोष्टी बहुतेक मुलांत नऊ ते बारा या वयात जुळून येतात. म्हणजे तुमची मुलगी अगदी वेळेवर आहे.

न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकचे स्टॅनली ड्रकर यांना क्लॅरिनेट मिळालं दहाव्या वर्षी. एकोणिसाव्या वर्षी, १९४८ मध्ये, ते त्या ऑर्केस्ट्रात दाखल झाले, १९६० मध्ये प्रमुख वादक झाले आणि २००९ मध्ये निवृत्त झाले. दहा वर्षांत शून्यापासून न्यूयॉर्क, असं सगळ्यांचं होत नाही हे सांगायला नको. पण सुरुवातीचं वय तेच आहे, जे तुमच्या घरात आत्ता चालू आहे.

आता घराण्याचा मुद्दा. इतिहास चाळला तर क्लॅरिनेटवाले बहुधा आडवाटेने आलेले दिसतात. हाइनरिख बेअरमान, ज्याच्यासाठी संगीतकार वेबरने १८११ मध्ये दोन कॉन्चेर्तो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना) लिहिले, तो पोट्सडॅमच्या लष्करी बँडच्या शाळेत शिकलेला. रिचर्ड म्यूलफेल्ड तर माइनिंगेनच्या ऑर्केस्ट्रात वायोलिनवादक म्हणून नोकरीला लागला, क्लॅरिनेट स्वतःच शिकला आणि त्याच ऑर्केस्ट्रात पहिल्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर जाऊन बसला. संगीतकार ब्राह्म्सने त्याला १८९१ मध्ये ऐकलं. तेव्हा ब्राह्म्स लेखणी खाली ठेवायच्या विचारात होता. म्यूलफेल्डला ऐकून त्याने त्याच वर्षी तिघांसाठी एक ट्रायो आणि पाच जणांसाठी एक क्विंटेट लिहिलं आणि १८९४ मध्ये दोन सोनाटा. आमच्या वाद्याचं निम्मं वैभव त्या एका वायोलिनवाल्यामुळे आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. थोडी अतिशयोक्ती धरून चाला.

इंग्लंडचे जॅक ब्रायमर यांचंही तसंच. व्यवसायाने शाळामास्तर, संगीताच्या मोठ्या विद्यालयाचं तोंड न पाहिलेले. युद्धकाळात हवाई दलात असताना वाजवत राहिले आणि १९४७ मध्ये ऑर्केस्ट्राचे संचालक सर टॉमस बीचम यांनी त्यांना बोलावून घेऊन रॉयल फिलहार्मॉनिकमध्ये प्रमुख वादक केलं. बेनी गुडमनला शिकागोतल्या सिनेगॉगच्या बँडमध्ये क्लॅरिनेट मिळालं ते भावांपेक्षा लहान होता म्हणून. मोठी वाद्यं मोठ्या भावांना गेली. गुडमन जॅझचा, ऑर्केस्ट्राचा नव्हे, हे मान्य. पण बार्टोक आणि कोपलंड या संगीतकारांकडून त्यानेच नव्या रचना लिहून घेतल्या आणि नाव झाल्यानंतर, चाळिशीत, क्लॅरिनेटवादक रेजिनल्ड केलकडे जाऊन ओठांची पकड पुन्हा पहिल्यापासून शिकला.

या सगळ्यांत एक धागा आहे आणि माझं खरं उत्तर तिथेच आहे. यातला एकही माणूस खोलीत एकटा बसून तयार झाला नाही. बँड असो, सिनेगॉग असो, लष्कर असो, वाद्य हातात आल्यावर लगेचच ते दहा-वीस जणांत बसले, आणि बसले ते मागे. ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेटवादक दुसऱ्या खुर्चीत, म्हणजे प्रमुख वादकाशेजारी दुय्यम भाग वाजवत घडतो. पालक मला विचारतात कोणती परीक्षा, कोणतं वाद्य, किती तास. मी विचारतो, ती वाजवणार कुणाच्या शेजारी बसून?

गोव्यात या प्रश्नाला एकेकाळी तयार उत्तर होतं. पोर्तुगीज काळात पॅरिशच्या शाळांतून चर्चचा संगीतशिक्षक मुलांना आधी सोल्फा शिकवायचा. डो रे मी फा वाचायचं, हाताने ताल धरत गायचं, आणि ते पक्कं झाल्यावरच वाद्याला हात. मग गावचं फेस्त (चर्चचा उत्सव), लादीन (सामूहिक प्रार्थना), मिरवणूक, लग्न, अंत्ययात्रा. वाजवायला कारण कायम असायचं आणि शेजारी कुणीतरी मोठं असायचं. एवढ्याशा गोव्यातून मुंबई, कोलकाता, कराची, रंगूनपर्यंत वादक गेले ते या व्यवस्थेमुळे. हॉटेलांतले जॅझ बँड, मूकपटांच्या काळातले थिएटर ऑर्केस्ट्रा, आणि पुढे हिंदी चित्रपटांचे स्टुडिओ. सेबॅस्टियन डिसोझा आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही नावं त्यातली. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, गोव्याचे पाश्चात्य वादक आणि हिंदुस्थानी संगीत एका मंचावर आणण्यासाठी. पणजीच्या गार्सिया द ओर्ता उद्यानात बँडस्टँड अजून आहे. तिथे पूर्वी बँड वाजायचा, आता मुलं पळापळी खेळतात.

आम्हा हिंदू घरांतल्या मुलांना हे दार सहसा बंद असायचं. कुणी बंद केलं होतं असं नाही, पण आमचे पाय देवळाकडे वळायचे, इगर्जीकडे नाही. मी म्हार्दोळच्या बाजूचा. घरात पेटी, तबला, श्रावणात भजन. तोंडाने वाजवायच्या वाद्यांत देवळातली सनई तेवढी ओळखीची. मला शिकवलं ते पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या एका शेजारगावच्या गृहस्थांनी. त्यांनी पहिले कित्येक महिने मला तिसरं क्लॅरिनेट वाजवायला दिलं. तिसरं क्लॅरिनेट म्हणजे मार्चच्या, संचलनाच्या धुनेतले ‘पा-पा, पा-पा’. गाण्याची ओळ दुसऱ्यांकडे. मी कुरकुर केली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘पहिल्याने श्वास कुठे घेतला सांग.’ मला सांगता आलं नाही. पुढच्या तालमीपासून मी ऐकायला लागलो.

तुमच्या मुलीच्या हातात मात्र असं काही आहे, ज्याची किंमत तुम्हाला कळलेली नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. घुमट आरती. पाच-पंचवीस जण, कुणी समोर उभं राहून हात हलवत नाही, तरी चाल बदलते तेव्हा सगळे एकदम बदलतात. शामेळ वाजवणाऱ्याला घुमटावर कान ठेवून राहावं लागतं. हे ऑर्केस्ट्राचं अर्धं शिक्षण तिचं आधीच झालेलं आहे.

पेटीबद्दल मी तितका उत्साही नाही. पेटीने स्वर ओळखायला शिकवलं, बोटं मोकळी केली, चांगलं झालं. पण पेटीचा गांधार ठरलेला असतो, बारा सारख्या भागांत कापलेल्या सप्तकातला. ऑर्केस्ट्रात दोन क्लॅरिनेट, दोन बॅसून (खर्जाचं सुषिर वाद्य), दोन हॉर्न मिळून एक स्वरसंघात (कॉर्ड) धरतात तेव्हा त्यातला गांधार पेटीवरच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला लागतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भाग खाली. तसा लागला की संघात स्थिर होतो, नाहीतर आत एक बारीक थरथर राहते. आणि बऱ्याचदा हा गांधार येतो कुणाकडे, तर दुसऱ्या क्लॅरिनेटकडे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो आपोआप गांधार ऐकू येतो ना, तोच हा. म्हणून पेटी बंद करू नका, पण रोज थोडा वेळ तिला तंबोऱ्यासमोर बसवा. ॲपवरचा चालेल. नुसता षड्ज लावून गांधार गायला सांगा. युरोपातली मुलं हे बऱ्याच उशिरा शिकतात. आपल्याकडे ते गाण्याच्या कुठल्याही बऱ्या घरात फुकट मिळतं.

सा बदलण्याचंही तसंच. ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेटवादक दोन वाद्यं घेऊन बसतो. एकाचा सा काळी पाचचा, दुसऱ्याचा पांढरी सहाचा. बोटं दोन्हींवर तीच. कागदावर लिहिलेला ‘डो’ वाजवला की पहिल्यावर काळी पाच ऐकू येते, दुसऱ्यावर पांढरी सहा. सोल्फात वाढलेल्या मुलांचा ‘डो’ पांढरी एकला खिळलेला असतो, त्यामुळे त्यांना सुरुवातीला हे छळतं. सरगममध्ये वाढलेल्या मुलाला सा कुठेही जाऊ शकतो हे जन्मापासून माहीत. मी ही अदलाबदल समजावताना आपल्या मुलांपुढे दोन वाक्यांत मोकळा होतो.

अडचण येते ती वेगळ्या जागी, आणि ती आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेक मुलं तिथेच सोडतात. बासरीवर किंवा सनईवर खालचं सप्तक वाजवून झालं की जवळपास त्याच बोटांनी, फुंक बदलून, वरचं सप्तक निघतं. क्लॅरिनेटवर निघत नाही. त्याची नळी सरळ आहे, सनईसारखी पसरत जाणारी नाही, आणि रीडकडचं (माउथपीसवर बांधलेल्या, कंप पावणाऱ्या पातळ पट्टीकडचं) टोक बंद असल्यासारखं वागतं. अशा नळीत मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट अशा विषम कंपनांचाच जोर असतो. त्यामुळे डाव्या अंगठ्याने मागची रजिस्टर की दाबली की स्वर एका सप्तकाने वर न जाता एक सप्तक आणि वर पंचम, असा उडी मारतो. सा च्या बोटांवर वरच्या सप्तकातला प! म्हणजे खालची आणि वरची बोटं वेगळी पाठ करायची. शिवाय या दोन भागांच्या मधे जे चार-पाच स्वर आहेत ते आखूड नळीतून निघतात, म्हणून पोकळ, घोगरे. आणि त्यांच्यावरून पलीकडे जाताना एकदम जवळजवळ सगळी भोकं झाकावी लागतात. एखादं बोट केसभर सरकलं तरी वाद्य किंचाळतं. याच जागेमुळे पहिल्या वर्षाच्या मध्यात घरात रडारड होते. शेजारी तक्रार करतात. हे सगळ्यांचं होतं. खालच्या भागात हात आणि श्वास पक्के होईपर्यंत तिला पलीकडे नेऊ नका, आणि शिक्षक घाई करत असेल तर त्यालाही सांगा.

याच विचित्रपणाची दुसरी बाजू म्हणजे क्लॅरिनेटचा खालचा आवाज. तेवढ्याच लांबीच्या बासरीपेक्षा ते जवळजवळ एक सप्तक खाली बोलतं. चायकोव्हस्कीची पाचवी सिंफनी उघडते ती याच खर्जात, आणि तिथे दोन्ही क्लॅरिनेट एकत्र वाजतात. पहिला आणि दुसरा, एकच ओळ, एकच श्वास. श्रोत्याला एकच वाद्य ऐकू यायला हवं. आता सांगा, दुसऱ्या खुर्चीतला कमी कसला?

मोझार्टने ज्याच्यासाठी क्लॅरिनेट कॉन्चेर्तो लिहिला, १७९१ मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, तो ॲन्टन श्टाडलर. व्हिएन्नाच्या दरबारात तो आणि त्याचा धाकटा भाऊ योहान जोडीने वाजवायचे. ॲन्टनला वाद्याच्या खालच्या स्वरांची इतकी ओढ की तो दुसऱ्या क्लॅरिनेटचं काम करण्यात रमायचा. वाद्याला खाली आणखी स्वर जोडलेलं एक लांब क्लॅरिनेटही त्याच्याकडे होतं आणि कॉन्चेर्तो मुळात त्या लांब वाद्यासाठी आहे. म्हणजे आमच्या वाद्याची सगळ्यात मोठी रचना खर्जावर प्रेम करणाऱ्या, दुसऱ्या खुर्चीत रमणाऱ्या माणसासाठी लिहिली गेली. मुलांना हे सांगितलं की दुसरा भाग वाटून घेताना तोंडं जरा कमी वाकडी होतात.

दुसऱ्या खुर्चीत करायचं काय असतं? मुंबईत सिंफनीच्या हंगामात मी अनेकदा बदली वादक म्हणून बसलो, तेव्हाचं सांगतो. पुढच्या रांगेत बासऱ्या आणि ओबो (सनईच्या जातीचं वाद्य), मागच्या रांगेत क्लॅरिनेट आणि बॅसून. पहिलं क्लॅरिनेट आणि पहिलं बॅसून मधोमध शेजारी, म्हणजे प्रमुख चौघे एका पुंजक्यात येतात आणि दुसरे बाहेरच्या अंगाला. दुसरा वादक पहिल्याचा सूर खालून धरतो. पहिला जरा चढला तर त्याच्यासोबत चढायचं, भले ट्यूनर काहीही म्हणो. एकटा बरोबर राहून उपयोग नाही. पहिल्याने स्वर सोडला की त्याच क्षणी सोडायचा, आधी नाही, नंतर नाही. त्याच्या सोलोच्या आधी आपण पान उलटायचं नाही, पाण्याची बाटली उघडायची नाही. आणि मोजायचं. चाळीस, पन्नास, साठ बार, म्हणजे तालाचे ठरावीक भाग, काहीच नसतं. मग मधेच तीन स्वर, अगदी हळू, आणि पुन्हा विश्रांती. ते तीन स्वर थंड पडलेल्या रीडवर, मिनिटभर न फुंकलेल्या वाद्यावर, पहिल्याच क्षणी सुरात यायला हवेत. सोलो वाजवण्यापेक्षा हे अवघड आहे, असं माझं मत आहे आणि ते बदलण्याची शक्यता नाही.

घरी एकटं वाजवणाऱ्या मुलाला यातलं काहीच शिकता येत नाही. लंडनच्या ट्रिनिटी किंवा असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा गोव्यात होतात, जरूर द्याव्यात, शिस्त लागते. पण आठवी, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड झालेली मुलं माझ्याकडे आली आहेत, ज्यांना पियानोच्या साथीखेरीज कुणाबरोबर वाजवायची सवय नव्हती. दोन क्लॅरिनेटची साधी जोडरचना पुढे ठेवली की ती आपला भाग बिनचूक वाजवतात आणि दोघं दोन दिशांना जातात.

त्यामुळे शिक्षक शोधताना असा शोधा, जो दर तासाला शेवटची दहा मिनिटं तिच्याबरोबर वाजवेल. वायोलिन आणि पियानो शिकवणारे गोव्यात हवे तेवढे, क्लॅरिनेटचे मोजके. पणजीत कांपालला कला अकादमीच्या पाश्चात्य संगीत विभागात चौकशी करा. बरोबरीने पोलीस बँड आणि गावोगावच्या ब्रास बँडमधून निवृत्त झालेल्या माणसांची चौकशी करा. त्यांना मोझार्ट येत नसेल, पण ओठांची पकड, श्वास आणि कागद पाहून वाजवणं त्यांच्याइतकं पक्कं कमी जणांचं असतं. आणि फेस्ताच्या मिरवणुकीत तिला कुणी तिसरं क्लॅरिनेट वाजवायला बोलावलं तर पाठवा. धर्म आड आणू नका. मिरवणुकीतल्या मंडळींनी माझ्या बाबतीत तो कधी आणला नाही.

पहिल्या वर्षाचा रियाज फार नको. रोज वीस-पंचवीस मिनिटं, पण रोज. त्यातली पहिली दहा लांब सुरांना. आपल्याकडे गवई खर्ज भरतात, तेच. एक स्वर हळू सुरू करायचा, वाढवायचा, पुन्हा विरवायचा, आणि त्यात त्याची उंची हलू द्यायची नाही. क्लॅरिनेटवर हे फसवं असतं, कारण आवाज वाढवला की स्वर उतरू पाहतो आणि लहान केला की चढू पाहतो. बासरीच्या नेमकं उलट. त्यामुळे बासरीबरोबर वाजवताना दोघांनाही सारखं सावरावं लागतं. गाल फुगवायचे नाहीत. हनुवटी सपाट. अंगठा दुखला तर गळ्यात अडकवायचा पट्टा मिळतो, तो लावा, त्यात कमीपणा नाही. खांदे वर जात असतील तर थांबवून पाणी प्यायला पाठवा.

आणि गाऊ द्या. वाजवायची ओळ आधी गायची. जुन्या पॅरिश शाळांनी हेच केलं आणि आपले गुरूही हेच करायला लावतात. दोन परंपरांचं ज्यावर एकमत आहे, त्यावर वाद कशाला घालायचा?

वाद्याचं. पहिलं वाद्य प्लास्टिकचं घ्या, ओळखीच्या कंपनीचं, बोएम पद्धतीच्या कळांचं. ही पद्धत पॅरिसमध्ये १८४० च्या आसपास वादक क्लोझे आणि वाद्यकार ब्यूफे यांनी बसवली. आज जर्मनी आणि ऑस्ट्रिया सोडून जवळपास सगळीकडे हीच चालते. लाकडी वाद्य आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाचं असतं, टांझानिया आणि मोझांबिककडचं. (मोझांबिकला जाऊन आलेल्या गोंयकारांच्या घरात त्याच लाकडाच्या कोरीव मूर्ती दिसतात.) ते लाकूड आपल्या हवेत सांभाळणं मुलांचं काम नाही. नवं असताना रोज थोडाच वेळ वाजवून ते मुरवावं लागतं, नाहीतर तडकतं. मेरठच्या जाली कोठीत बँडची वाद्यं बनतात, स्वस्त मिळतात, लग्नाच्या बँडला चालतात. पण ऑर्केस्ट्रात बसायचं ध्येय असेल तर त्यांचा सूर पहिल्या दिवसापासून कान बिघडवतो.

कुणाच्या तरी माळ्यावरचं जुनं वाद्य फुकट मिळतंय, असंही होईल. गोव्यात हे फार होतं. आजोबा मुंबईला किंवा कराचीला बँडमध्ये होते, पेटीत निळं मखमल आहे, वाद्य चांदीसारखं चमकतं. घेण्याआधी नळीवर ‘एचपी’ (हाय पिच, म्हणजे चढी पट्टी) अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत का पाहा. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत आजच्यापेक्षा जवळजवळ निम्म्या अर्धस्वराने चढ्या पट्टीत वाजवायचे, त्या काळची ही वाद्यं. ती आखूड असतात. माउथपीसखालचा बॅरल कितीही ओढला तरी आजच्या ऑर्केस्ट्राशी जुळत नाहीत. भिंतीवर छान दिसतात.

रीड दोन नंबरची किंवा त्याहून जरा हलकी, त्यापेक्षा कडक नको. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याकडे वाढणाऱ्या एका उंच गवताच्या पोकळ दांड्यातून ती कापतात. दहाच्या डबीत मनासारख्या तीन-चारच निघतात. बाकीच्यांवर पैसे वाया गेले असं समजू नका, रियाजाला चालतात. एकाच रीडवर रोज वाजवू नका, तीन-चार फिरवत राहा.

आता पोटाचा प्रश्न. एका पूर्ण ऑर्केस्ट्रात वायोलिनं तिसाच्या आसपास असतात आणि क्लॅरिनेट दोन ते चार. जागा रिकामी होते ती कुणी निवृत्त झालं तर, आणि ड्रकरसारखा कुणी साठ-साठ वर्षं हलतच नाही. आपल्या देशात बारमाही व्यावसायिक म्हणावा असा सिंफनी ऑर्केस्ट्रा एकच, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ मध्ये सुरू झालेला. त्यातही परदेशी वादक पुष्कळ. चित्रपटांच्या रेकॉर्डिंगवर आमच्या आधीची पिढी घरं बांधून गेली. सिंथेसायझर आल्यावर ते काम आटलं. मी त्याचा शेवटचा तुकडा खाल्ला. माझ्या ओळखीचे सगळे क्लॅरिनेटवाले शिकवणं, हंगामी कार्यक्रम, लग्नं, हॉटेलं आणि थोडं सॅक्सोफोन यांवर जगतात. सॅक्सोफोनची बोटं क्लॅरिनेटच्या वरच्या भागासारखी असल्याने ते लवकर येतं, आणि गोव्यात तियात्र (कोकणी संगीतनाटक) आणि लग्नांमुळे त्याला मागणीही आहे. परदेशात शिकायला गेलेली मुलं आहेत. ऑडिशनला मोझार्टच्या कॉन्चेर्तोचा पहिला भाग जवळपास हमखास विचारतात, बहुतेक वेळा पडद्यामागून. तेव्हा तुम्ही कुठले, कुणाचे, हे कुणाला दिसत नाही.

मुलगी म्हणून काळजी असेल तर तेही सांगतो. १९८२ मध्ये संचालक कारायान यांनी साबिन मायर हिला बर्लिन फिलहार्मॉनिकमध्ये घेतलं, तेव्हा वादकांनी मतदानात ७३ विरुद्ध ४ असं तिला नाकारलं होतं. तिचा आवाज बाकीच्या सुषिर वाद्यांत मिसळत नाही, असं कारण दिलं गेलं. ती तिथून बाहेर पडली आणि जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या क्लॅरिनेटवादकांपैकी एक झाली. आज त्या ऑर्केस्ट्रात बायका सर्रास दिसतात. आपल्याकडे माझ्या वर्गात मुलीच जास्त आहेत आणि नियमितपणाही त्यांचाच जास्त.

तेव्हा यावर घर चालेल असं वचन मी देणार नाही. दहावी-बारावी नीट होऊ द्या. सोळा-सतराव्या वर्षी ती स्वतःहून रोज दोन तास वाजवत असेल आणि दुसरं क्लॅरिनेट मिळालं म्हणून खूश होत असेल, तर तेव्हा पुन्हा बोलू.

शेवटचं, कारण तुम्ही जूनमध्ये वाद्य घ्यायचं म्हणता आहात. जूनमध्ये घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात कळांखालचे पॅड फुगतात, बुरशी धरतात, सांधे घट्ट बसून निघत नाहीत, आणि नवशिक्या मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. ते चार महिने तिला सोल्फा वाचायला आणि तंबोऱ्याबरोबर गायला लावा. हवं तर नुसतं माउथपीस आणि बॅरल घेऊन एक स्थिर स्वर काढायची सवय करू द्या. चवथ होऊ दे, आरत्या होऊ देत. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी व्हायला लागली की वाद्य आणा. प्रत्येक वेळी वाजवून झालं की आतून कापड ओढून पुसायचं, रीड काढून सपाट डबीत ठेवायची, सांध्याच्या बुचाला आठवड्यातून एकदा ग्रीस लावायचं. आणि वाद्याच्या पेटीत सिलिका जेलची पुडी टाकत असाल तर ती महिन्याने बदलायची, ओली झालेली पुडी काही कामाची नसते.